नेटच्या बिलातला कर: किती, कुणाच्या खिशातून, आणि तो असावा का?

(आमच्या फायबर ग्राहकांसाठी माहितीपत्रक)

काउंटरवर सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न स्पीडचा नाही, बिलाचा आहे. "प्लॅन ४९९ चा, मग ५८९ कशाला?" त्याच्या मागोमाग दुसरा प्रश्न येतो: "पाणी-लाईटसारखी गरजेची झालेली गोष्ट, तिच्यावर सरकारनं कर घ्यावाच का?" दोन्हींची उत्तरं इथे दिली आहेत. पहिल्यात नुसती आकडेमोड आहे. दुसऱ्यावर आमचं मत आहे आणि ते मत म्हणूनच वाचावं.

बिल कसं वाचायचं

४९९ हा कराआधीचा दर. त्यावर सीजीएसटी ९ टक्के म्हणजे ४४.९१ आणि एसजीएसटी ९ टक्के म्हणजे ४४.९१. बेरीज ५८८.८२, पूर्ण रुपयात ५८९. सीजीएसटी केंद्राचा, एसजीएसटी महाराष्ट्राचा. दोन्ही आमच्याकडे थांबत नाहीत.

मोबाईल रिचार्जमध्ये हा कर दिसत नाही, म्हणून तिथे तो नसतो असं बऱ्याच जणांना वाटतं. २९९ चा रिचार्ज मारला की त्यातले २५३.३९ कंपनीचे आणि ४५.६१ जीएसटीचे. किंमत करासकट छापलेली असते, एवढाच फरक. दोन प्लॅनची तुलना करायची असेल तर दोन्ही करासकट करा किंवा दोन्ही कर सोडून करा.

जीएसटी १ जुलै २०१७ ला आला. त्याआधी सेवाकर होता: मे २०१५ पर्यंत १२.३६ टक्के, मग १४, मग १४.५, जून २०१६ पासून १५. सप्टेंबर २०२५ मध्ये बऱ्याच वस्तूंचे दर खाली आले, नेट मात्र १८ वरच राहिलं. त्या आठवड्यात "आता बिल कमी होणार ना?" म्हणून पुष्कळ फोन आले. तेव्हाही उत्तर नाही असंच होतं.

कर कशावर लागतो आणि कशावर नाही, हेही माहीत असू द्या. जोडणी शुल्क ५०० असेल तर ते ५९० होतं. उशिरा भरल्याचा दंड ५० असेल तर ५९, कारण कायद्यानं दंडही सेवेच्या किमतीतच धरला जातो. ओएनयूचं (घरात लावलेली लाईटवाली डबी) परत मिळणारं डिपॉझिट मात्र करात येत नाही. १००० म्हणजे १०००. डबी परत आली नाही आणि डिपॉझिट वळतं केलं, तर त्या वेळी कर लागतो.

वर्षाचे पैसे एकदम भरले तर करही एकदमच. महिन्याला ४९९ प्रमाणे बारा महिन्यांचे ५९८८ आणि कर १०७७.८४. "दहा महिन्यांत बारा महिने" अशी सूट बिलावरच दाखवली, तर कर ४९९० वर लागतो, म्हणजे ८९८.२०. सूट नंतर रोख परत देऊ असं कुणी म्हणालं तर करातली ही बचत गेली, म्हणून सूट बिलावर आहे का ते आधी बघून घ्या. वर्षाच्या मधेच लाईन बंद केली तर उरलेल्या महिन्यांची क्रेडिट नोट (आधीचं बिल तेवढ्यानं कमी केल्याचा कागद) मागून घ्यावी.

व्यापाऱ्याला कर परत मिळतो, घराला नाही

जीएसटी नोंदणी असलेला दुकानदार नेटवर भरलेला कर स्वतःच्या विक्रीवरच्या करातून वजा करतो. ट्रॅक्टरच्या शोरूमला १४९९ ची लाईन असेल तर २६९.८२ चा कर त्याला कागदावरच लागतो. शेजारच्या गल्लीत नीटची तयारी करणाऱ्या पोरीच्या बापाला ८९.८२ कायमचे जातात. त्यातून अभ्यासिका चालवणारा, ज्याची उलाढाल २० लाखांच्या आत आहे म्हणून नोंदणीच नाही, तोही घरगुती ग्राहकासारखाच. कंपोझिशनवाल्यांनाही (छोट्या धंद्यांसाठीच्या, उलाढालीवर एकठोक दरानं कर भरायच्या योजनेतल्यांना) वजावट नाही.

नोंदणी असूनही वजावट हातात न येण्याची कारणं बहुतेक वेळा साधी असतात.

जीएसटी नंबर चुकीचा टाकलेला असतो. हा नंबर १५ अक्षरांचा. महाराष्ट्राचा २७ नं सुरू होतो, पुढची दहा अक्षरं म्हणजे पॅन, तेराव्या जागी त्या पॅनवरची कितवी नोंदणी ते, चौदाव्या जागी बहुधा झेड आणि शेवटचं तपासणी अक्षर. पॅनचं चौथं अक्षर, म्हणजे जीएसटी नंबरातलं सहावं, मालक एकटा असेल तर पी, भागीदारी असेल तर एफ, कंपनी असेल तर सी. दुकान भागीदारीचं आणि नंबरात सहावं अक्षर पी दिसलं, तर भावाचा वैयक्तिक नंबर दिला गेलाय हे तिथेच कळतं. शून्य आणि ओ हे अक्षर यांची अदलाबदल तर रोजची. व्हॉट्सअॅपवर नंबर टाइप करून पाठवू नका. नोंदणी प्रमाणपत्राचा फोटो पाठवा.

बिल घरमालकाच्या नावानं असतं. गाळा भाड्याचा, जोडणी घेताना मालकाचं आधार दिलं, बिल त्याच्याच नावानं चालू. अशा बिलावर भाडेकरूला वजावट नाही. नाव बदलायचा अर्ज द्या. लाईन तोडावी लागत नाही.

तारीख हुकते. गेल्या महिन्याची विक्री आम्ही ११ तारखेपर्यंत जीएसटीआर-१ मध्ये (विक्रीच्या विवरणात) भरतो. तुमचं २बी पत्रक (तुमच्या नंबरावर कुणीकुणी बिलं दाखवली त्याची यादी) १४ ला तयार होतं. १२ तारखेला नंबर दिलात तर ते बिल दुरुस्तीत जातं आणि पुढच्या महिन्याच्या २बी मध्ये दिसतं. दिसलं नाही म्हणून सीएला दोष देण्याआधी बिलावर तुमचा नंबर छापलाय का तेवढं बघा. आर्थिक वर्ष संपल्यावर येणाऱ्या ३० नोव्हेंबरपर्यंत (वार्षिक विवरण त्याआधी भरलं तर तोपर्यंतच) जुनं बिल धरता येतं. नंतर तो पैसा गेला.

धंदाच करमाफ असतो. ही आपल्या भागातली खास अडचण. उदगीर-लातूर पट्ट्यातली डाळमिल घ्या. २५ किलोपर्यंतची छापील पाकिटं ५ टक्क्यांत येतात, पण ३० किंवा ५० किलोचे कट्टे करात येत नाहीत. मिलची ७० टक्के विक्री कट्ट्यांची असेल, तर ऑफिसच्या नेटवरच्या करातला ७० टक्के भाग वजावटीतून काढावा लागतो. १४९९ च्या लाईनवर २६९.८२ पैकी हाती येतात साधारण ८१ रुपये. दवाखाना आणि शाळा यांची मूळ सेवाच करमाफ, तिथे वजावट जवळजवळ शून्य. खासगी शिकवणीवर मात्र १८ टक्के जीएसटी आहे, त्यामुळे नोंदणी असलेल्या क्लासला वजावट मिळते. त्या क्लासचे व्हिडिओ घरी बसून बघणाऱ्या पोराला मिळत नाही.

घरच्या लाईनवर दुकानाचा नंबर टाकून पूर्ण वजावट घेऊ नका. खासगी वापराचा भाग कायद्यानं बाद आहे, आणि नोटीस येते ती तुम्हाला.

बिलावर न दिसणारा कर

इंटरनेट परवान्याच्या चौकटीत समायोजित महसुलाच्या (ठरलेल्या वजावटी करून उरलेल्या महसुलाच्या) ८ टक्के परवाना शुल्क केंद्राला जातं. या आठातले ५ डिजिटल भारत निधीत. याचंच जुनं नाव यूएसओ निधी, आणि भारतनेटची फायबर गावोगावच्या ग्रामपंचायतीपर्यंत याच पैशातून ओढली गेली. ४९९ च्या प्लॅनवर ढोबळ हिशेब केला तर हे शुल्क ४० रुपयांच्या आसपास. ते प्लॅनच्या दरातच मिसळलेलं असल्यानं त्यावर पुन्हा १८ टक्के जीएसटी लागतो, साधारण ७ रुपये. म्हणजे शुल्कावर कर. तारेवरच्या ब्रॉडबँडला या शुल्कातून किमान पाच वर्षं सूट द्यावी अशी शिफारस ट्रायनं (दूरसंचार नियामकानं) ऑगस्ट २०२१ मध्ये केली होती. खेड्यात जोडणी पोचवायला निधी हवा हे मान्य, पण तो निधी ज्या ग्राहकापर्यंत जोडणी पोचवायची त्याच्याच बिलातून काढणं आम्हाला उलटं वाटतं.

मग कर असावा का?

जगात याची तीन उत्तरं दिली गेली. अमेरिकेनं १९९८ मध्ये कायदा करून राज्यांना आणि शहरांना नेट जोडणीवर कर लावायला तात्पुरती बंदी घातली, ती पुन्हा पुन्हा वाढवली आणि २०१६ मध्ये कायमची केली. हंगेरीत सरकारनं २०१४ मध्ये दर जीबीला १५० फोरिंट कर सुचवला. बुडापेस्टमध्ये हजारो लोक रस्त्यावर उतरले, महिन्याला कमाल मर्यादा घालतो असं सांगूनही लोक हटले नाहीत, आणि ऑक्टोबर संपायच्या आत तो गुंडाळावा लागला. युगांडात २०१८ मध्ये सोशल मीडिया वापरायला दिवसाला २०० शिलिंग भरायचे होते. लोक व्हीपीएनवर (काय वापरतोय ते लपवणाऱ्या ॲपवर) गेले. २०२१ मध्ये तो जाऊन डेटावर १२ टक्के आला.

जीबीवर कर ही कल्पना आपल्याकडेही कुणीतरी अधूनमधून काढतं: जास्त वापरेल तो जास्त भरेल, यात वाईट काय? वापर कोण करतं ते बघा. व्हिडिओ लेक्चर साध्या दर्जात तासाला साधारण अर्धा ते पाऊण जीबी खातं. दिवसाला चार तास बघणाऱ्या पोराचा महिना ६० ते ९० जीबी. मोंढ्यातल्या अडत दुकानात दिवसभर यूपीआय, भाव आणि बिलं चालतात, त्याला काही मोजके जीबी पुरतात. म्हणजे लाखांची उलाढाल करणारा जवळजवळ सुटला आणि पोरगं सापडलं.

"करच काढून टाका" म्हणणाऱ्यांनी मात्र पुढची आकडेमोड बघावी. ती सहसा कुणी सांगत नाही.

समजा ४९९ च्या प्लॅनमागे आमची बँडविड्थ (मोठ्या कंपनीकडून घेतलेली नेटची क्षमता) वगैरेची खरेदी २०० ची, आणि त्यावर आम्ही ३६ रुपये जीएसटी आधीच भरलेला. आज तुमच्याकडून ८९.८२ घेतो, त्यातून ते ३६ वजा करून ५३.८२ सरकारला भरतो. उद्या नेट करमाफ झालं तर माफ सेवेच्या खरेदीवरचा कर वजा करता येत नाही. ते ३६ आमच्या खर्चात जातात, प्लॅन ४९९ चा ५३५ होतो. तुमची बचत ९० ची नाही, ५४ ची.

बरं, माफी नको, ५ टक्के करा म्हटलं तर? विक्रीवर ५ आणि खरेदीवर १८ असं झालं की वजावट साठत जाते. अशा उलट्या रचनेत परतावा मिळतो तो खरेदी केलेल्या मालावरच्या कराचा. सेवांवरच्या कराचा नाही, आणि २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं हाच नियम कायम ठेवला. बँडविड्थ ही सेवा आहे. तेव्हा अडकलेला कर पुन्हा दरात येतो, आणि वरचंच उदाहरण मांडलं तर करासकट बिल परत ५३५ वरच येऊन थांबतं. परतावा सेवांनाही दिला तर ते ५२४ होईल. निर्यातीसारखा खरा शून्य दर दिला, म्हणजे विक्रीवर कर नाही आणि खरेदीवरचाही परत, तरच बिल ४९९.

म्हणून आमचं मत असं: व्यापारी जोडणीवरचा १८ टक्के राहू द्या, तो बहुतेकांना वळता होतोच. घरगुती जोडणीवर, निदान एका साध्या प्लॅनच्या मर्यादेपर्यंत, दर कमी करा आणि सोबत सेवांवरचा परतावा सुरू करा. नुसती "करमाफी" जाहीर झाली तर पेपरात मथळा येईल, बिलातून कराच्या निम्म्याहून थोडं जास्तच उतरेल, आणि उरलेल्यासाठी लोक केबलवाल्यालाच शिव्या घालतील. यात आमचाही स्वार्थ आहे हे लपवत नाही. बिल कमी झालं की जोडण्या वाढतात.

तुमच्या बाजूनं एवढं करा

धंद्याची लाईन असेल तर नोंदणी प्रमाणपत्राचा फोटो, दुकानाचा पत्ता आणि बिल कुणाच्या नावानं हवं ते महिन्याच्या ५ तारखेच्या आत ऑफिसात द्या. पोर्टलवर तुमचा नंबर टाकून नाव आणि स्थिती "अॅक्टिव्ह" आहे का ते आमच्यासमोरच बघून घेऊ, दोन मिनिटांचं काम आहे. १४ तारखेनंतर २बी मध्ये बिल दिसलं नाही तर बिल क्रमांक घेऊन या. घरगुती ग्राहकांनी नंबर देण्याची गरज नाही, पण रोख भरलं तरी छापील किंवा मोबाईलवरचं बिल घ्याच. "बिल नको, कर सोडून घ्या" असं आमच्या कुठल्याही वसुलीवाल्यानं म्हटलं तर पैसे देऊ नका, आधी ऑफिसात फोन करा.