चिंपांझी ट्रेक म्हणजे गोरिला ट्रेकची स्वस्त आवृत्ती नव्हे

युगांडाच्या ग्रुप कॅम्पिंग सफारीचा कार्यक्रम हातात आला की त्यात दोन नोंदी हमखास असतात: किबालेच्या जंगलात चिंपांझी ट्रेक आणि ब्विंडीच्या जंगलात गोरिला ट्रेक. दोन्हीकडे गाइडमागून जंगलात चालायचं, दोन्हीकडे प्राणी सापडल्यावर एक तास मिळणार, दोन्हीकडे पर्मिट. त्यामुळे लोक ठरवून टाकतात की प्रकार एकच आहे, फक्त प्राणी लहान आणि पैसे कमी. मग सहल संपल्यावर तेच वाक्य ऐकायला मिळतं: "गोरिला अप्रतिम, चिंपांझीत काही दम नाही." हे वाक्य मला मनापासून खटकतं. चिंपांझी बघायला जाताना डोक्यात गोरिला असतो, म्हणून ते निघतं.

गोरिलाचं बहुतेकांना माहीत असतं, म्हणून थोडक्यात. पर्मिट 800 डॉलर, एका कुटुंबाला दिवसातून एकदाच आणि जास्तीत जास्त आठच माणसं भेटणार, वय किमान 15. ट्रॅकर पहाटेच पुढे गेलेले असतात. काल संध्याकाळी कुटुंब जिथे सोडलं तिथून माग काढत ते रात्रीच्या घरट्यांपर्यंत आणि तिथून प्राण्यांपर्यंत पोहोचतात आणि वॉकीटॉकीवर गाइडला सांगतात. तुम्ही चढता, उतरता, चिखलात घसरता, आणि शेवटी झुडपांत बसून पाला खाणारं अख्खं कुटुंब समोर असतं: सिल्व्हरबॅक (पाठीवर रुपेरी केस असलेला कुटुंबप्रमुख नर), माद्या, पिल्लं. चित्रफितींत दाखवतात ते बऱ्याच अंशी खरंच तसं घडतं.

किरकोळ फरक आधी उरकतो. ब्विंडी तीव्र उताराचं, किबाले त्यामानाने सपाट. सह्याद्रीत नेमाने फिरणाऱ्याला किबालेत दम लागणार नाही, ब्विंडीत लागेल. किबालेचं पर्मिट गोरिलाच्या साधारण तिसऱ्या हिश्श्यात मिळतं. ब्विंडीत काटेरी वेली आणि खाजऱ्या वनस्पतींसाठी हातमोजे हवेत. किबालेत मुंग्यांच्या रांगा आडव्या येतात, म्हणून पँट मोज्यांत खोचायची. संपलं.

खरा फरक प्राण्याच्या राहणीत आहे, आणि तो आहारातून येतो.

पर्वतीय गोरिला प्रामुख्याने पाला, देठ, कोंब आणि साली खातो. ब्विंडीच्या रानात हे अन्न चहूकडे आहे. दहा-पंधरा जणांनी एकत्र खाल्लं तरी कुणाच्या तोंडचा घास जात नाही. त्यामुळे कुटुंब दिवसभर एकत्र राहू शकतं, आणि फार लांब जायची गरजही पडत नाही; दिवसाला किलोमीटरभर किंवा त्याहून कमी. शिवाय निर्णय एकाचा असतो. सिल्व्हरबॅक बसला की सगळे बसतात, तो उठला की निघतात. म्हणजे तुम्हाला तो एक सापडला की बाकीचे आपोआप सापडले.

चिंपांझी पिकलेल्या फळांवर जगतो. पिकलेलं फळ जंगलात सगळीकडे नसतं. आज या झाडावर, चार दिवसांनी दोन किलोमीटरवरच्या दुसऱ्या झाडावर. शंभर जण एका झाडाखाली जमले तर कुणाचंच पोट भरणार नाही. म्हणून चिंपांझींचा समाज सतत फुटतो आणि जुळतो. समाज एकच, हद्द एकच, सगळे एकमेकांना ओळखतात, पण सगळे एका ठिकाणी जवळपास कधीच नसतात. एखाद्या गावासारखं समजा: काही रानात, काही बाजाराला, काही घरी, आणि संध्याकाळपर्यंत ही वाटणी चार वेळा बदललेली. एखादी टोळी तिघांची, एखादी पंचविसांची. झाड भरघोस फळलं किंवा एखादी मादी माजावर आली की टोळी फुगते, फळं संपली की विखुरते. किबालेतल्याच न्गोगो भागातला समाज वाढत वाढत 200 च्या आसपास गेला होता, जगात नोंदलेला सर्वांत मोठा. तोही असाच तुकड्यांत वावरायचा.

आता याचा तुमच्या सकाळवर होणारा परिणाम बघा. ट्रॅकरला चिंपांझींची रात्रीची घरटी माहीत असली, तरी ती झाडांवर वेगवेगळ्या ठिकाणी असतात आणि उजाडताच प्रत्येक टोळी आपल्या वाटेने जाते. गाइड ज्याच्या मागे लागेल ती समाजातली एक तुकडी असते, आणि तासाभरात तीही दोन दिशांना फुटू शकते. कुणी कुणासाठी थांबत नाही. म्हणून चिंपांझींसोबतचा तास कसा जाईल हे त्या दिवशीच्या फळांवर ठरतं. वड-उंबराच्या कुळातलं एखादं मोठं झाड पिकलेलं असेल तर ते तासन्‌तास वरच बसतात, आणि तुम्ही मान मोडेपर्यंत वर बघत राहता. जमिनीवरून एका झाडाकडून दुसऱ्याकडे निघाले असतील तर जवळजवळ पळावं लागतं. पोट भरून खाली पहुडले तर एकमेकांच्या उवा वेचताना दहा मीटरवरून दिसतात. या तिन्ही सकाळी खऱ्याखुऱ्या चिंपांझींच्या आहेत. पहिल्या सकाळीला "दिसलेच नाहीत नीट" म्हणणं हा अन्याय आहे.

म्हणूनच चिंपांझी बघण्याआधी ऐकायचे असतात. हलक्या हुंकारांनी सुरू होऊन किंचाळीपर्यंत चढत जाणारी त्यांची हाक हे विखुरलेल्या समाजाला जोडणारं साधन आहे: मी इथे आहे, इथे खायला आहे. नर मोठ्या झाडांच्या फळ्यांसारख्या मुळांवर हातापायांनी ढोल वाजवल्यासारखे आघात करतात, ते तर कितीतरी लांब ऐकू जातं. गाइड मध्येच थबकतो तो याच आवाजासाठी. नेमकं तेव्हा ग्रुपमधलं कुणीतरी कालच्या जेवणाबद्दल बोलत असतं, नाहीतर माकडाचे आवाज काढून दाखवत असतं. कृपा करून हे करू नका. गोरिला ट्रेकला थोडी बडबड खपून जाते, कारण जागा ट्रॅकरने आधीच कळवलेली असते. इथे ती हाक चुकली तर सकाळ हातची जाते.

कॅमेऱ्याचंही तेच. गोरिला बहुधा जमिनीवर, तुमच्या नजरेच्या पातळीला. साधी झूम लेन्स पुरते. चिंपांझी वीस-पंचवीस मीटर उंचीवर, मागे पांढरं आभाळ. एक्स्पोजर वाढवलं नाही तर सगळे फोटो काळी सावली. फ्लॅशला दोन्हीकडे बंदी आहे आणि ती योग्यच आहे. माझं मत विचाराल तर किबालेत पहिली वीस मिनिटं कॅमेरा पिशवीतच ठेवा.

यातून कार्यक्रम आखण्याबद्दल माझे दोन ठाम आग्रह निघतात. पहिला, चिंपांझी आधी आणि गोरिला नंतर. फोर्ट पोर्टल, किबाले, मग क्वीन एलिझाबेथ उद्यान, इशाशाचे झाडावर चढणारे सिंह आणि शेवटी ब्विंडी हा रस्ता तसाही सरळ पडतो. उलट गेलात तर समोर बसलेल्या सिल्व्हरबॅकची आठवण घेऊन किबालेत शिराल आणि तिथलं काहीच दिसणार नाही. दुसरा, किबालेत एका सकाळीवर सगळं सोडू नका. दोन सकाळी ठेवा, किंवा दिवसभराचं हॅबिच्युएशन, म्हणजे चिंपांझींना माणसांची सवय लावणाऱ्यांसोबतची फेरी घ्या; त्यात पहाटे घरट्यातून उठण्यापासून संध्याकाळी नवं घरटं बांधेपर्यंत संशोधक आणि ट्रॅकरांसोबत राहता येतं. टोळी फुटणं-जुळणं तासाभरात समजत नाही, दिवसभरात समजतं. त्यासाठी एखादा गेम ड्राइव्ह (गाडीतून प्राणी बघण्याची फेरी) सोडावा लागला तरी सोडावा. ब्विंडीत मात्र एक तास पुरेसा आहे, तिथे जास्त पैसे घालायची गरज मला वाटत नाही.

ग्रुपने जाणाऱ्यांसाठी एक गोष्ट. ट्रकमध्ये सोळा जण असाल तर ब्विंडीत सोळा जण एकत्र गोरिला बघणार नाहीत. आठ-आठ जण दोन वेगळ्या गोरिला कुटुंबांकडे जाणार, ही विभागणी होणारच. बुकिंग करताना दोन्ही कुटुंबं एकाच भागातली आहेत ना, हे विचारा. बुहोमा, रुहिजा, रुशागा आणि न्कुरिंगो हे चार भाग नकाशावर शेजारी दिसतात, पण रस्त्याने काही तासांची अंतरं आहेत, आणि पहाटे एकाच ट्रकने दोन ठिकाणी पोहोचता येत नाही. पर्मिटवर तारीख असते. ट्रक रात्री चिखलात अडकला म्हणून ती पुढे सरकेल असं धरून चालू नका, आदल्या दिवशी दुपारपर्यंत तंबू लागलेले असू द्या. लेक बुन्योनीला तळ ठोकणार असाल तर तो जवळपास दोन हजार मीटर उंचीवर आहे. आफ्रिका म्हणजे उकाडा असं समजून पातळ चादर नेऊ नका.

एका बाबतीत मात्र दोन्ही ट्रेक सारखेच आहेत, आणि नेमकी तीच लोक हलक्यात घेतात. सर्दी-खोकला असेल तर जायचं नाही. एका तंबूतली सर्दी दोन दिवसांत अख्ख्या ग्रुपला होते आणि मग 800 डॉलर वाया जातील म्हणून गोळी घेऊन खोकला दाबला जातो. किबालेच्या कान्यावारा भागात 2013 मध्ये माणसाला साधी सर्दी करणाऱ्या रायनोव्हायरस सी या विषाणूची साथ आली आणि 56 चिंपांझींपैकी पाच मेले. गोरिलांचं शरीरही या आजारांपुढे तितकंच उघडं आहे. मास्क आणि दहा मीटरचं अंतर यासाठीच आहे. नाक गळत असेल तर सकाळी गाइडला स्वतःहून सांगा आणि तळावर थांबा.

निघण्यापूर्वी पिवळ्या तापाची लस प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी घ्या. प्रमाणपत्र युगांडात शिरताना लागतं आणि भारतात परतताना तर हमखास विचारतात, नसेल तर सहा दिवस विलगीकरणात काढावे लागू शकतात. आणि नैरोबीहून किंवा किगालीहून जाणार असाल तर भडंग-चकल्या प्लास्टिकच्या कॅरीबॅगांतून काढून डब्यांत भरा, केनिया आणि रवांडा दोन्हीकडे त्या पिशव्यांवर बंदी आहे.