धरणाचं पाणी गढूळ येतंय का?

पावसाळ्यात मातीच्या धरणामागं पायथ्याला उभं राहिलं की चपला भिजतात. रचलेल्या दगडांच्या फटींतून पाणी झिरपत असतं, चरात जमतं आणि पुढं ओढ्याला मिळतं. काही वर्षांपूर्वी ऐन श्रावणात एका पाझर तलावाच्या पायथ्याशी मी असाच उभा होतो. सोबतचे निवृत्त उपअभियंता वाकले, प्लॅस्टिकची रिकामी बाटली त्यांनी चरातल्या धारेखाली भरली, उजेडात धरून पाहिली आणि एका दगडावर ठेवून दिली. "पंधरा मिनिटं हात लावायचा नाही," म्हणाले. पंधरा मिनिटांनी पाहिलं तर तळाशी काही बसलं नव्हतं. "पाणी येऊ दे, हरकत नाही. माती यायला नको."

'धरण गळतंय' म्हटलं की गावाच्या पोटात गोळा येतो. पण न पाझरणारं मातीचं धरण कुणी बांधलेलं नाही, बांधताही येणार नाही. ते पाझरणार हे धरूनच त्याची आखणी होते. म्हणून पाणी किती येतंय हे तर बघायचंच, पण ते वाढतंय का आणि सोबत माती घेऊन येतंय का, हे त्याहून आधी बघायचं.

आधी एक गैरसमज दूर करू. पाण्याच्या रेट्यानं भिंत ढकलली जाईल अशी भीती अनेकांना वाटते. बारा मीटर उंचीचा एक बांध घ्या. माथा तीन मीटर रुंद, पाण्याकडचा उतार उभ्या एक मीटरला आडवा अडीच, मागचा एकाला दोन. पायाची रुंदी होते ५७ मीटर. तलावात दहा मीटर पाणी साठलं तर बांधाच्या प्रत्येक मीटर लांबीवर आडवा रेटा येतो ५० टनांचा. आणि तेवढ्याच लांबीतल्या मातीचं वजन भरतं साडेसहाशे टनांवर. असा डोंगर पाणी ढकलू शकत नाही. मातीची धरणं जातात ती मुख्यतः दोन वाटांनी: पाणी माथ्यावरून वाहिलं म्हणून, किंवा पाण्यानं आतून पोखरलं म्हणून. जगभरातल्या मोठ्या मातीच्या धरणांच्या अपघातांची मोजदाद पाहिली तर या दोन कारणांचा वाटा जवळजवळ निम्मा निम्मा निघतो. उतार घसरून फुटलेली धरणं त्यामानानं फार थोडी.

पहिली वाट समजायला सोपी आहे. काँक्रीटवरून पाणी वाहिलं तर काँक्रीट टिकतं, मातीवरून वाहिलं तर माती निघून जाते. म्हणून मातीच्या धरणाला सांडवा, म्हणजे जादा पाणी बाजूनं काढून द्यायची वाट, लागतो आणि सांडव्याच्या पातळीपेक्षा माथा बराच उंच ठेवावा लागतो. असं असूनही सांडव्याच्या तोंडाशी मासेमारीची जाळी बांधलेली दिसते, चार महिने जास्त पाणी पुरावं म्हणून वाळूच्या गोण्या रचलेल्या दिसतात. त्यामागची गरज मला कळते. पण त्या गोण्यांनी जेवढं पाणी वाढतं, तेवढीच माथ्याची मोकळी उंची कमी होते, आणि ती उंची एखाद्या रात्रीच्या ढगफुटीसाठी राखलेली असते.

दुसरी वाट जमिनीखालची आहे, त्यामुळे ती नीट समजून घ्यायला हवी.

हेन्री दार्सी नावाच्या फ्रेंच अभियंत्यानं १८५६ मध्ये वाळूच्या नळकांड्यांतून पाणी सोडून एक साधा नियम मांडला. मातीतून पाणी किती वेगानं जाणार हे दोन गोष्टींवर ठरतं: माती कोणती, आणि किती अंतरात पाण्याची किती उंची खर्च होते. धरणाची रचना या नियमावरच उभी आहे. मध्ये चिकण काळ्या मातीचा गाभा असतो. जाड वाळूच्या तुलनेत त्यातून पाणी लाखो पटींनी सावकाश सरकतं. गाभ्याच्या दोन्ही अंगांना मुरमाचं आवरण, पाण्याकडच्या बाजूला लाटा झेलायला दगडांचं पिचिंग, आणि गाभ्याखाली खडकापर्यंत नेलेला, त्याच मातीनं भरलेला खंदक. पाण्याची वाट जितकी लांब आणि अवघड, तितका त्याचा जोर वाटेतच जिरतो.

जोर जिरला नाही तर काय होतं? पाणी मागच्या पायथ्याशी वर येताना मातीचे कण उचलू लागतं. दर मीटर मातीमागे पाण्याची उंची सुमारे एक मीटरनं घटत असेल, तर त्या जागच्या मातीला जणू वजनच उरत नाही. ती उकळल्यासारखी दिसते, उमाळा फुटतो, भोवती बारीक वाळूचं कडं जमतं. तिथून एक कण गेला की त्याच्यामागच्या कणाचा आधार जातो. म्हणजे भोक मागच्या बाजूला सुरू होतं आणि पाण्याच्या उलट दिशेनं, तलावाकडे वाढत जातं. जसजसं ते तलावाजवळ पोचतं तसतशी पाण्याची वाट आखूड होते, वेग वाढतो, आणखी माती निघते. शेवटी तलाव आणि भोक एकमेकांना भेटतात. त्यानंतर हातात तासच उरतात. अमेरिकेतल्या आयडाहो राज्यातलं टीटन धरण ९३ मीटर उंच होतं आणि पहिल्यांदाच भरत होतं. ५ जून १९७६ रोजी सकाळी सातच्या सुमारास तिथं गढूळ पाणी दिसलं. दुपारचे बारा वाजायच्या आत माथा कोसळला.

यावरचा उपाय म्हणजे वाळूची गाळणी. गाभ्याच्या मागं उभा आणि पायथ्याशी आडवा असा निवडक वाळूचा थर घालतात. कार्ल टेर्झागी या अभियंत्यांनी त्यासाठी नियम घालून दिला. वाळूतले बारीक कण हे मातीतल्या जाड कणांच्या चार-पाच पटींहून मोठे नसावेत. कारण वाळूच्या कणांमधल्या फटी त्या कणांच्या साधारण पाचव्या हिश्शाएवढ्या असतात. तेवढं जमलं की मातीचे जाड कण फटींत अडकतात, त्यांच्यामागं मधले, त्यांच्यामागं बारीक, आणि पाणी तेवढं निथळून जातं. माझ्या मते मातीच्या धरणातली ही सगळ्यात सुंदर गोष्ट आहे, आणि ठेकेदाराचं काम घाईत उरकलं जातं तेव्हा नेमकी हीच ढिली पडते. एकदा पोटात गेली की ती दिसत नाही.

आपल्या दख्खनच्या काळ्या मातीची एक खोड आहे. ओली झाली की फुगते, वाळली की भेगाळते. मे महिन्यात तलाव आटतो, वरच्या थरातलं मुरमाचं पांघरूण धुपून गेलं असेल तर माथ्याला हातभर खोल भेगा पडतात. जूनमध्ये पहिलं पाणी चढतं ते त्या भेगांतून शिरतं. दुसरी नाजूक जागा विमोचकाच्या, म्हणजे तलावातलं पाणी सोडायच्या दाराच्या, नळाभोवतीची. नळाच्या कडेला रोलर पोचत नाही, दबाई हातानं करावी लागते, आणि राहिलेली पोकळी पाण्याला आयती वाट देते. तिसरं, बांधावर वाढलेली बाभळी-सुबाभळीची झाडं. झाड उभं असेपर्यंत मुळं माती धरतात असं वाटतं, झाड वाळलं की कुजलेलं मूळ म्हणजे तयार नळी. बांधावर हरळी हवी, झाडं नकोत.

इथं तिवऱ्याची आठवण निघणारच. चिपळूण तालुक्यातलं तिवरे धरण २ जुलै २०१९ च्या रात्री फुटलं, खालची भेंदवाडी वाहून गेली, वीसच्या आसपास माणसं गेली. गळतीच्या तक्रारी गावकऱ्यांनी आधीच केल्या होत्या. तेव्हाच्या जलसंधारणमंत्र्यांनी खेकड्यांनी धरण पोखरल्याचं सांगितलं. खेकडा, घूस, उंदीर बिळं करतात हे खरं, आणि माथ्याजवळ जिथं भिंत अरुंद असते तिथं बीळ पाण्याची वाट आखूड करतं हेही खरं. पण बीळ दिसतं. ते खणून मातीनं ठासून बुजवता येतं. ज्या बांधाकडे दर हंगामात कुणी येतं, त्या बांधाला खेकडा बुडवत नाही. त्या माणसांचा जीव खेकड्याच्या माथी मारणं मला आजही सहन होत नाही.

लहान धरणांना जपायचं कारण त्यांची संख्या आणि त्यांचं काम. १९७२ च्या दुष्काळात लोकांनी डोक्यावर पाट्या वाहून कितीतरी पाझर तलाव उभे केले. पाझर तलावाला कालवा नसतो. पाणी तळातून मुरमात आणि बेसॉल्टच्या भेगांत मुरतं, खालच्या अंगाच्या विहिरींना उतरतं, रब्बीची ज्वारी-हरभरा त्यावर निघतो. म्हणजे इथं झिरपणं हाच हेतू, पण तळातून. भिंतीतून नव्हे. त्याहून जुने भंडारा-गोंदियाकडचे मालगुजारी तलाव. कोहळी समाजाच्या कसबानं बांधलेल्या त्या पाळी, म्हणजे मातीचे बांध, कित्येक पिढ्या टिकल्या, कारण पाळ बघणं हे गावातल्या कुणाचं तरी ठरलेलं काम होतं. १९५०-५१ मध्ये मालगुजारी, म्हणजे तिकडची जमीनदारी, संपली, तलाव सरकारकडे गेले, आणि ती नजर हळूहळू हटली.

२०२१ चा धरण सुरक्षा कायदा १५ मीटरहून उंच धरणांना लागू आहे. १० ते १५ मीटरमधली काही अटींवर त्यात येतात. नऊ मीटरचा पाझर तलाव त्यात बसत नाही. पण त्यात एक लाख घनमीटर पाणी असेल तर ते एक लाख टन वजन आहे, आणि खाली वाडी आहे. अशा तलावाला महागडी यंत्रं लागत नाहीत. झिरप मोजायला चरात एक व्ही आकाराची खाच असलेली पाटी, आठवड्याला एकदा वहीत त्या खाचेतल्या पाण्याची उंची, आणि ती बाटली. तलावाची पातळी तीच असताना झिरप वाढली, नवी ओल दिसली, माथा कुठं खचला, पाणी दुधट झालं, तर त्याच तासाला तालुक्याला फोन करायचा आणि वाडीला सांगायचं.

वेळेवर कळलं तर काय करता येतं हे मध्य प्रदेशात धार जिल्ह्यानं दाखवलं. ऑगस्ट २०२२ मध्ये कारम नदीवरच्या अर्धवट बांधलेल्या मातीच्या धरणाला गळती लागली. भिंतीची माती घसरू लागली. प्रशासनानं १८ गावं रिकामी केली, सैन्य बोलावलं, आणि पोकलेननं बाजूनं खडक फोडून चर काढायला घेतला, म्हणजे भिंत फुटण्याआधी पाण्याला वेगळी वाट मिळावी. काम रात्रंदिवस चाललं. तीन दिवसांनी पाणी त्या चरातून सुटलं, तलाव उतरला. माणूस एकही गेला नाही.