आस्कंद की शतावरी? घोडीच्या तोबऱ्यात काय पडतंय ते हुंगून बघा

लग्नसराईत आमच्या यवतमाळकडे वरातीच्या घोडीला उसंत नसते. दिवसा पारा ४४-४५ अंशांवर, रात्री डीजेचा दणका. ती दावणीला येते तेव्हा पाठीवर घामाचं पांढरं मीठ वाळलेलं असतं. मग कोणीतरी सांगतंच, "अश्वगंधा द्या, थकवा उतरते."

गेल्या उन्हाळ्यात बाजारातून पुडी आणली अन् आठ दिवस कणकेच्या गोळ्यात दिली. नवव्या दिवशी आईनं चिमूटभर भुकटी ओली करून हुंगली. म्हणाली, "अरे बापा, हे तं शतावरी आहे!"

दोन्हीची भुकटी फिकट, दोन्ही 'ताकदीच्या', म्हणून घोटाळा होतो. अश्वगंधा म्हणजे आपलं आस्कंद, डोरगुंज. चिरबोटीसारख्या पातळ पापुद्र्यात लाल फळ, खाली सरळ मुळी. ओल्या मुळीला घोड्यासारखा वास येतो, नावच त्यावरून पडलंय. चव कडवट. शतावरी ही काटेरी वेल. तिला खाली बोटाएवढ्या मुळ्यांचा झुपका असतो. चव गोडसर-कडू, अन् पाण्यात कालवली की बुळबुळीत लागते.

आयुर्वेदात आस्कंद उष्ण, बळ देणारं. शतावरी थंड, दूध वाढवणारी. शिंगरू पाजणाऱ्या घोडीला शतावरी देतात ती त्यासाठीच. गाभण घोडीला मात्र आस्कंद देऊ नका, गर्भ पडायची भीती असते. पुडी बदलली तर नुकसान कुठवर जाऊ शकतं, ते इथं कळतं. त्यात आस्कंदाच्या शास्त्रीय नावातला 'सोम्निफेरा' म्हणजे झोप आणणारी. घोडी वरातीला निघायच्या तासभर आधी ते चारून जोर चढेल, ही आशाच चुकीची.

अन् रात्री दीड वाजता दावणीला आलेल्या घोडीला या दोन्हींच्या आधी पाणी अन् मीठ लागतं. घोड्याचा घाम माणसाच्या घामापेक्षा खारट. त्यातून सोडियम, क्लोराइड, पोटॅशियम वाहून जातं. ते कोणतीही मुळी भरून देत नाही. मानेची कातडी चिमटीत धरून सोडा. कातडी सावकाश सपाट झाली तर अंगातलं पाणी आटलंय समजा, पुडी बाजूला ठेवा, डॉक्टरांना फोन करा. शिवाय घोड्याला ओकारी येत नाही, पोटात गेलेलं चुकीचं औषध तो बाहेर टाकू शकत नाही.

आता मी भुकटी घेतच नाही. अख्ख्या मुळ्या आणतो, एक मोडून आईला हुंगायला देतो, अन् मगच खलबत्ता काढतो.