२५२० चं 'गूढ' म्हणजे शाळेतला लसावि

'१ ते १० सगळ्यांनी भाग जाणारी जगातली एकमेव संख्या २५२०, शोधक रामानुजन' असा मेसेज व्हॉट्सअ‍ॅपवर कित्येक वर्षं फिरतोय. भाग जातो, हे खरं. 'एकमेव' मात्र साफ चूक: ५०४० ला जातो, ७५६० ला जातो, २५२० च्या प्रत्येक पटीला जातो. २५२० त्यांतली सर्वांत लहान, म्हणजेच १ ते १० चा लसावि.

करून बघा. ८ साठी तीन वेळा २ हवेत, ९ साठी दोन वेळा ३, शिवाय एक ५ आणि एक ७. ८×९×५×७ = २५२०. ६ आणि १० यांतच सामावले. १ ते २० साठी हेच केलं की २३,२७,९२,५६० येतात. त्याचा मेसेज कुणी पाठवत नाही!

आठवड्याचे ७ दिवस, महिन्याचे ३०, वर्षाचे १२ महिने यांचा गुणाकारही २५२०, हे त्यातलं दुसरं 'रहस्य'. ३०×१२ फोडलं तर ८×९×५ च निघतात, उरलेला ७ आठवड्याचा.

लसाविची चर्चा प्राचीन ग्रीक गणितज्ञ युक्लिडच्या ग्रंथातही आहे. रामानुजन यांनी १९१५ च्या निबंधात अभ्यासलेला गुण वेगळा: २५२० ला ४८ विभाजक आहेत, तिच्याहून लहान कुठल्याच संख्येला इतके नाहीत.