फावेला
ब्राझीलमधल्या शहरांत, खास करून रिओ दी जानेरोच्या टेकड्यांवर, लोकांनी स्वतःच घरं बांधून वसवलेली दाट वस्ती. मराठी पेपरात सरसकट 'झोपडपट्टी' छापतात, पण तिथली बरीचशी घरं आता विटा-सिमेंटची आहेत. यवतमाळकडच्या कोलामांच्या पोडाला किंवा पारध्यांच्या बेड्याला झोपडपट्टी म्हणणं जसं बरोबर नाही तसंच हेही.

शब्द मुळात झाडाचा आहे. एरंडाच्या कुळातलं हे झाड (निडोस्कोलस क्वेर्सिफोलियस) ईशान्य ब्राझीलच्या कोरड्या काटेरी रानात होतं, पानाला हात लागला की खाजकुयलीसारखी आग होते, फांदी मोडली की पांढरा चीक गळतो, बी तेलकट. नाव 'फावा' म्हणजे बाकल्याच्या शेंगेवरून आलं असं मानतात, पण फळ काही शेंग नाही, एरंडासारखं तीन बियांचं बोंड आहे.

बाहिया राज्यात कानुदोस गावाजवळच्या एका टेकडीला ह्याच झाडाचं नाव होतं. 1896-97 मध्ये तिथं सरकारी फौज आणि आंतोनियो कोन्सेलेरो ह्या धर्मोपदेशकाच्या अनुयायांची लढाई झाली, ती संपल्यावर सैनिक 1897 च्या सुमारास रिओला आले आणि सरकारनं कबूल केलेलं मिळायची वाट बघत प्रोविदेन्सिया टेकडीवर झोपड्या टाकून राहिले, तिलाच मग लोक फावेला टेकडी म्हणायला लागले. दुसरं मत असं की झाड रिओच्या टेकडीवरच होतं. पण कोरड्या रानातलं झाड समुद्रकाठच्या ओलसर हवेत एवढं माजेल हे पटायला जड जातं, त्यामुळे पहिलं मत जास्त भरवशाचं वाटतं. आपल्याकडे बाभूळगाव, पळसगाव अशी झाडांची गावं ढिगानं आहेत, इथं मात्र झाडाचं नाव सैनिकांबरोबर दुसऱ्या मुलखात गेलं. वस्ती बहुधा नावाआधीची असावी, कारण 1893 ला रिओतली 'काबेसा दी पोर्कू' नावाची मोठी चाळ पाडली तेव्हा तिथले काही लोक ह्याच टेकडीवर गेले असं सांगतात.

1920 च्या आसपास हे सामान्यनाम झालं. सरकारी जनगणनेत बरीच वर्षं दुसरंच रुक्ष नाव चालायचं, 2024 ला जनगणना खात्यानं 'फावेला आणि शहरी समुदाय' म्हणून फावेला हा शब्द परत वापरात आणला, ते बरंच झालं, लोक स्वतः जे म्हणतात तेच कागदावर असावं. 2022 च्या मोजणीत अशा वस्त्यांत सुमारे 1 कोटी 64 लाख माणसं होती.