‘वीस एक’ म्हणजे नेमके किती?

जून 2019 मध्ये शाळा उघडल्या आणि दुसरीच्या गणिताच्या पुस्तकावरून वाद पेटला. एकवीसच्या जोडीला ‘वीस एक’, बासष्टच्या जोडीला ‘साठ दोन’ असे वाचन छापले होते. जुने वाचन काढलेले नव्हते, दोन्ही होती. पण पुस्तक न उघडताच भांडणाऱ्यांना ते कोण सांगणार! विधानसभेत ‘फडणवीस’सारख्या आडनावाचीसुद्धा दशक-एकक फोड झाली.

पुस्तक करणाऱ्यांचा मुद्दा मात्र पोरखेळ नव्हता. सत्तावीस म्हणताना सात आधी, लिहिताना दोन आधी. बेरजेला त्याचे सोयरसुतक नाही, 7 + 20 काय नि 20 + 7 काय. पण पाटीवर तोच क्रम ठेवला की 27 चे 72 होतात. कन्नड, तेलुगूत दशक आधी बोलतात, तिथे हा घोळ नाही. जुन्नरजवळच्या नाणेघाटाच्या सातवाहनकालीन लेखातही नव्हता, कारण तिथे दहा, शंभर, हजार यांना वेगवेगळी चिन्हे होती. अंकाची किंमत जागेवर ठरत नव्हती.

परंपरा बुडाली म्हणणाऱ्यांची पावकी-दिडकी, म्हणजे पाव आणि दीडचे पाढे, 1 एप्रिल 1957 ला दशमान नाणी आली तेव्हापासूनच उजळणीतून सुटत गेली होती. त्याचे एवढे रडगाणे कुणी गायले नाही.

माझ्या मते खरी गाठ दोन ठिकाणी होती. पहिली ‘एकोण’. एकोणतीसमध्ये ना दोन ऐकू येतात ना नऊ. तिसातून एक वजा करायचा. एकोणनव्वदपर्यंत हेच, आणि नव्व्याण्णवला अचानक वजाबाकी बंद. इथे ‘वीस नऊ’ खरोखर सोपे.

दुसरी गाठ खुद्द ‘एक’ची, आणि तिच्याकडे फारसे कुणी पाहिले नाही. ‘वीसएक माणसं होती’ म्हणजे मराठीत वीसच्या आसपास. ‘पन्नासएक लिंबं द्या’ म्हटल्यावर भाजीवाली मोजून एक्कावन्न देत नाही. बाकीच्या अंकांना हा धोका नाही, आणि नव्या वाचनाचा पहिलाच धडा मात्र ‘वीस एक’!

नॉर्वेत संसदेच्या निर्णयाने 1951 मध्ये ‘एक आणि वीस’चे ‘वीस-एक’ झाले. टेलिफोनवर नंबर सांगताना चुका होत, हे निमित्त. बोलण्यात जुने वाचन तिथे अजून ऐकू येते.