महालातलं बाहुल्यांचं वर्कशॉप आणि ट्रॅकचं जुनं भांडण

नागपूरच्या महाल भागातल्या त्या घरी बाहुलीवाल्यांची बैठक भरते हे माहीत असलेल्यांना तिथे ट्रॅकवरून, म्हणजे बाहुल्यांचे संवाद आणि गाणी आधीच रेकॉर्ड करून लावण्यावरून, भांडणं होतात हेही माहीतच असतं. नवीन पोट्ट्यांना मात्र वाटतं की हा वाद रील आणि यूट्यूबच्या जमान्यातला आहे. तसं नाहीये, म्हणून हे थोडं मागचं.

फार मागे जायचं तर ज्ञानेश्वरीतही दोरीवर चालणाऱ्या बाहुलीचा दाखला आहे, आणि तिकडे कोकणात पिंगुळीच्या ठाकर मंडळींच्या कळसूत्री बाहुल्यांना सावंतवाडीच्या राजांचा आश्रय होता. पण या बैठकीतलं कुणीच तसं घराण्यातून आलेलं नाही. इथला शेजार वेगळा, तान्ह्या पोळ्याचे लाकडी नंदी, मारबतीच्या मिरवणुकीत निघणारे पुतळे म्हणजे बडगे (काळी मारबत 1881 पासूनची आणि पिवळी 1885 पासूनची सांगतात), आणि चितारओळीतले मूर्तिकार. वर्कशॉपवाले काका रंग लावायला आणि डोळे काढायला मूर्तिकारांकडेच शिकले, बाहुलीशी त्यांची गाठ बरीच नंतर पडली.

ती पडली साक्षरतेच्या मोहिमेत. 1988 ला राष्ट्रीय साक्षरता मिशन सुरू झालं आणि नव्वदच्या दशकात जिल्ह्याजिल्ह्यात कलापथकं फिरायला लागली. नाटकाचा ताफा न्यायला टेम्पो लागतो, हातात घालायच्या बाहुल्या एका पिशवीत मावतात आणि पिशवी एसटीत मावते, एवढं साधं गणित होतं. दोन खांबांना साडी बांधली की स्टेज तयार. अंगठेबहाद्दर बुवा, व्याजाचा हिशेब चुकवणारा सावकार, सही शिकलेली सून, गोष्ट गावोगाव तीच पण बोली बदलायची, वर्ध्याकडे एक, भंडाऱ्याकडे दुसरी, आणि समोर बसलेली बाई मधेच ओरडायची की थो खोटा बोलून राह्यला! मग बाहुलीला उत्तर द्यावंच लागायचं. पुढे 2000 नंतर गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान आलं, तेव्हा त्याच सावकाराला नवीन टोपी घालून हागणदारीवाला केला, मुंडकं तेच.

वर्कशॉप याच काळात घराच्या छपरीत उभं राहिलं. रद्दी भिजवून लगदा करायचा, डिंक आणि मेथीची पूड घालायची म्हणजे कीड लागत नाही, मातीच्या साच्यावर थर चढवायचे. मे महिन्यात नागपूरचं ऊन 45 च्या पुढे जातं तेव्हा मुंडकं भराभर वाळतं (घाई केली की तडकतं पण), पावसाळ्यात मात्र बुरशी धरते म्हणून तेव्हा फक्त कपडे शिवायचं काम, कापड गांधीबागेच्या बाजारातून. मधे थर्माकोल आला, हलका आणि पटकन कोरला जाणारा, पण 2018 च्या राज्याच्या बंदीनंतर बहुतेक जण परत लगद्याकडे नाहीतर फोमकडे वळले. दोरीच्या बाहुल्या कमीच, कारण तंगूस (नायलॉनची बारीक दोरी) गुंतला की प्रयोग खलास.

बैठकाही तशाच सुरू झाल्या, फुटकी मुंडकी दुरुस्तीला घेऊन यायचे आणि बसायचे. मग चहा, तर्रीपोहे, एकमेकांचे प्रयोग बघणं.

आता मुद्दा. कॅसेट पहिल्यांदा कुणी आणली यावर अजून एकमत नाही पण आणली ती नाइलाजाने हे सगळेच मानतात. पथकातली माणसं कमी झाली, दोघंच उरले तर चार पात्रांचे आवाज काढायचे कसे, त्यात दिवसाला तीन गावं, घसा बसतो, जनरेटरच्या आवाजात मागच्यांना ऐकू जात नाही. संवाद, गाणी, ढोलकी आधीच रेकॉर्ड केलं की हात मोकळे आणि प्रत्येक गावात प्रयोग एकसारखा. अधिकारी पण खूश, कारण मंजूर झालेल्या संहितेबाहेर एक शब्द जात नाही. आणि माझ्या मते खरी गोम हीच आहे! रेकॉर्डिंग करताना भाषा "शुद्ध" केली गेली, सावकार पुण्याच्या मास्तरासारखा बोलायला लागला, आणि मधेच ओरडणाऱ्या त्या बाईला उत्तर देणारं कुणी राहिलं नाही. बाहुली हातातून निसटली तरी ट्रॅक पुढे चालूच.

यावर बैठकीत एकदा ठरलं की बाहेर काय करायचं ते करा, इथे दाखवायचा प्रयोग मात्र तोंडानेच बोलायचा. ट्रॅकवाल्यांना तो अपमान वाटला, आणि काही जणांनी येणंच सोडलं. त्यांचं म्हणणं अगदीच चूक होतं असंही नाही, ज्याचं घर शाळांच्या प्रयोगांवर चालतं त्याला रोज चार आवाज परवडत नाहीत. राजस्थानी कठपुतळीवाले तोंडात बांबूची पिपाणी धरून बाहुलीचा आवाज काढतात, मग तोही बनवलेलाच आवाज ना, असाही एकाचा मुद्दा होता. पण पिपाणी वाजवणारा समोरच्यांकडे बघून वाजवतो, हे उत्तर तेव्हाही दिलं गेलं आणि मला ते पटतं.

नंतर कॅसेटची सीडी झाली, सीडीचा पेनड्राइव्ह. 2020 च्या लॉकडाऊनमध्ये सगळेच मोबाइलसमोर बाहुल्या नाचवत होते तेव्हा लाइव्हवाल्यांनीही गुपचूप रेकॉर्डिंग केलं. 2021 मध्ये पिंगुळीच्या एका कलाकाराला पद्मश्री मिळाली, मग शाळांमधून विचारणा वाढली. 21 मार्चचा जागतिक बाहुली दिन आता शाळांनाही माहीत झालाय. पण फोन आला की पहिला प्रश्न असतो की ट्रॅक आहे ना, आमच्याकडे साउंड सिस्टीम आहे.

सध्याची तडजोड अशी की गाणी ट्रॅकवर, संवाद तोंडाने, आणि प्ले-पॉजचं बटण बाहुली धरणाऱ्याच्या पायाशी. सोडून गेलेल्यांपैकी दोघं परत येतात, बाकीचे मुंडकी दुरुस्तीला पाठवतात पण बसायला थांबत नाहीत.